अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट मधेच सोडायचंय? लॉक-इन, नोटीस आणि डिपॉझिट, सगळं पायरीपायरीने

नोकरी बदलली, कंपनीने बंगळूरला पाठवलं, घरी आईवडिलांचं आजारपण निघालं, लग्न ठरलं, किंवा भाडंच झेपेना झालं, कारण काहीही असो, अकरा महिने पुरे व्हायच्या आधी भाड्याचं घर सोडायची वेळ खूप जणांवर येते आणि तेव्हा डोक्यात पहिला प्रश्न एकच असतो, डिपॉझिट बुडणार का. बहुतेक वेळा बुडत नाही. पण ते सुटावं म्हणून काही गोष्टी ठराविक क्रमाने कराव्या लागतात आणि तो क्रम चुकला की मग मालकाच्या मर्जीवर राहावं लागतं. पुण्यात ओळखीच्यांची अशी बरीच प्रकरणं जवळून पाहिलीयत, काहींचे कागद शेजारी बसून वाचलेत, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून काढतोय. पूर्ण वाचा, घाई असेल तरी वाचा.

हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. बंगळूर, हैदराबाद, दिल्लीत राहणाऱ्या आपल्या लोकांना तिथले भाडे कायदे लागू होतात, गोव्यातही १९६८ चा वेगळा कायदा आहे. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टबद्दल पुढे जे लिहिलंय तेवढं मात्र सगळीकडे चालतं.

आधी हे बघा की तुमच्याकडे कागद कुठला आहे

आपण बोलताना "भाडेकरार" म्हणतो पण पुण्या-मुंबईत जवळजवळ सगळे फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर दिले जातात. म्हणजे कायद्याच्या भाषेत तुम्ही भाडेकरू नसून लायसन्सी असता, मालकाने तुम्हाला ठराविक काळासाठी जागा वापरायची परवानगी दिलेली असते आणि त्या परवानगीची व्याख्या १८८२ च्या ईझमेंट अ‍ॅक्टच्या कलम ५२ मध्ये आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की मधेच सोडायचं तर काय होणार हे मुख्यतः तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय त्यावर ठरतं. शेजाऱ्याला काय सूट मिळाली होती याला काही अर्थ नाही, त्याचा कागद वेगळा.

दुसरं, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर आहे का नुसतं नोटरी केलेलं आहे? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि रजिस्टर असायलाच लागतं आणि ती जबाबदारी मालकाची असते, तुमची नाही. न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कलमात अजून एक गोष्ट आहे जी लोकांना माहीतच नसते, रजिस्टर कागद नसेल तर कुठल्या अटींवर जागा दिली होती याबद्दल राहणारा जे म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोटरी केलेल्या कागदावर सहा महिन्यांचं लॉक-इन (तेवढे महिने घर सोडायचं नाही अशी अट) दाखवून मालक दरडावत असेल तर त्याची बाजू त्याला वाटते तेवढी भक्कम नसते. हे भांडायला वापरू नका, पण बोलताना मनात असू द्या, आवाज आपोआप शांत राहतो.

रजिस्टर असेल आणि कॉपी सापडत नसेल तर ज्या एजंटने थंब घ्यायला घरी माणूस पाठवला होता त्याच्याकडे पीडीएफ असते, शिवाय नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर इंडेक्स-टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश, शोधता येतो.

आणि हो, "आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही" असे फॉरवर्ड फिरतात ते केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टमधलं आहे. तो फक्त नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतोय. त्यामुळे तो मुद्दा घेऊन मालकाशी वाद घालू नका, फुकट वेळ जातो.

आता अ‍ॅग्रीमेंट शांतपणे वाचा, चार कलमं शोधा

पहिलं पीरिअड, करार कधी सुरू आणि कधी संपतो. सही केल्याची तारीख वेगळी असते, सुरू होण्याची वेगळी, लॉक-इन मोजताना सुरू झाल्याची तारीख धरायची.

दुसरं लॉक-इन. ऑनलाइन रजिस्ट्रेशनचा जो नेहमीचा मसुदा सगळे एजंट वापरतात त्यात साधारण असं असतं की इतके महिने मालक घर खाली करायला सांगणार नाही आणि लायसन्सी स्वतःहून सोडणार नाही, तरीही लायसन्सी गेला तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं द्यायचं आणि मालकाने काढलं तर त्याने गैरसोयीची भरपाई द्यायची. दोन्ही बाजूंना बांधणारं कलम आहे हे नीट लक्षात घ्या. काही अ‍ॅग्रीमेंटमध्ये लॉक-इन अकराच्या अकरा महिन्यांचं असतं, काहींमध्ये नसतंच. नसेल तर तुम्ही फक्त नोटीस देऊन मोकळे.

तिसरं कॅन्सलेशन किंवा टर्मिनेशन. इथे नोटीस पीरिअड लिहिलेला असतो, बहुतेक एक महिना, आणि "इन रायटिंग" असे शब्द असतात. लेखी म्हणजे लेखी. जिन्यात भेटल्यावर "काका, पुढच्या महिन्यात सोडतोय हं" म्हणालात तर ती नोटीस होत नाही.

चौथं डिपॉझिट. किती, परत कधी, आणि कशाकशाचे पैसे कापता येतील. "घर सोडताना" परत द्यायचं लिहिलंय का "सोडल्यावर ३० दिवसांत", हा फरक फार मोठा आहे. पेंटिंग आणि क्लीनिंगचा उल्लेख आहे का तेही इथेच बघा. नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून, असे शब्द कुठेतरी सापडतील, ते पिवळ्या रंगाने मार्क करून ठेवा.

खरा हिशोब मांडा

समजा भाडं २५,०००, डिपॉझिट ७५,०००, करार १ जूनपासून, लॉक-इन सहा महिने म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत, नोटीस एक महिना. तुम्हाला १५ ऑक्टोबरला निघायचंय. कागदाप्रमाणे लॉक-इनचा दीड महिना उरतो, म्हणजे ३७,५०० रुपये. हा तुमचा सगळ्यात वाईट आकडा. यापेक्षा जास्त कोणी मागत असेल तर तो लॉक-इनचं उरलेलं भाडं आणि वर नोटीसचा महिना असं दोन्ही जोडतोय. तुम्ही १५ सप्टेंबरला लेखी नोटीस देऊन ऑक्टोबरच्या १५ पर्यंतचं भाडं भरलंय तर नोटीसचा महिना झाला की, तो परत कशाला? तरी हे डबल लावणं फार कॉमन आहे, हिशोब कागदावर मागितला की बरेचदा आपोआप निघून जातं.

आता कायदा काय म्हणतो ते बघा कारण इथेच बोलणी करायला जागा मिळते. १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. कलम ७३ च्या स्पष्टीकरणात असंही आहे की नुकसान मोजताना ते कमी करायचे कुठले मार्ग हातात होते हे विचारात घ्यायचं. सुप्रीम कोर्टाने २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध डीडीए (दिल्ली विकास प्राधिकरण) या निकालात पुन्हा सांगितलंय की भरपाईसाठी मुळात नुकसान झालेलं असावं लागतं. साध्या भाषेत, तुम्ही १५ ऑक्टोबरला गेलात आणि १ नोव्हेंबरला नवा भाडेकरू आला तर मालकाचं नुकसान पंधरा-सोळा दिवसांचं भाडं आणि नवा माणूस आणायचा खर्च एवढंच. दीड महिना नाही.

पण याचा अर्थ "लॉक-इन बेकायदा आहे, मी एक रुपया देणार नाही" असाही नाही. लॉक-इन पूर्णपणे वैध कलम आहे, तुम्ही सही केलीय, मालकाचं खरं नुकसान होत असेल तर ते भरून देणं योग्यच आहे. कित्येक मालक फ्लॅटचा हप्ता भाड्यातून भरत असतात, एक महिना घर रिकामं राहिलं तर त्यांनाही ओढाताण होते. आपल्याला हवा तो खऱ्या नुकसानीएवढा आकडा, त्याहून जास्तही नाही आणि कमीही नाही.

काही परिस्थितीत लॉक-इनचे पैसे देण्याचा प्रश्नच येऊ नये. गळतीने भिंती ओल्या आहेत, वारंवार कळवूनही मालक दुरुस्ती करत नाही, कबूल केलेलं पार्किंग दिलंच नाही, मालकाचं कर्ज थकून बँकेची जप्तीची नोटीस दारावर लागली, अशा वेळी करार आधी त्यानेच मोडलाय. पण हे दाखवायला पुरावा लागतो. फोटो, व्हिडिओ, तारखेचे मेसेज, सोसायटीला केलेली तक्रार. सहा महिने गप्प बसून निघायच्या दिवशी गळती काढली तर कोणी ऐकत नाही, म्हणून त्रास सुरू झाल्या दिवसापासून ईमेल करत राहा. आणि उलटं झालं, म्हणजे तुमची काही चूक नसताना मालकच मुदतीआधी बाहेर काढत असेल, तर ईझमेंट अ‍ॅक्टच्या कलम ६४ खाली भरपाई तुम्हाला मिळायला हवी.

आधी बोला, मग लगेच लिहा

नोटीस पाठवण्याआधी एक फोन करा, शक्य असेल तर भेटा. थेट नोटीस गेली की माणूस दुखावतो, विशेषतः वयस्कर मालक असतील तर. आणि निघायचं नक्की झालं की त्याच आठवड्यात बोला, "ऑफर लेटर हातात आलं की सांगू, आत्ता कशाला" असं करत लोक तीन आठवडे घालवतात आणि तेच तीन आठवडे नवा भाडेकरू शोधायला कामी आले असते.

बोलताना फक्त अडचण सांगू नका, सोबत प्रस्ताव न्या. उदाहरणार्थ: "काका, बदली झालीय, १५ ऑक्टोबरपर्यंत निघावं लागेल. लॉक-इन आहे माहितीये. मी आजपासून नवीन भाडेकरू शोधायला लागतो, घर दाखवायला मी स्वतः असेन, नव्या अ‍ॅग्रीमेंटचा खर्च मी देतो आणि मधे जेवढे दिवस घर रिकामं राहील तेवढ्याचं भाडं डिपॉझिटमधून घ्या." असं बोललं की दहातले बरेच जण नाही म्हणत नाहीत, कारण त्यांची चिंता दोनच गोष्टींची असते, घर रिकामं राहणं आणि पुन्हा धावपळ.

नव्या अ‍ॅग्रीमेंटचा खर्च ऐकायला मोठा वाटतो पण नसतो. स्टॅम्प ड्युटी एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर धरलेलं वर्षाला १० टक्के व्याज याच्या ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात २,७५,००० अधिक ७,५००, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साधारण ७०० रुपये. रजिस्ट्रेशन फी महानगरपालिका हद्दीत १०००, ग्रामीण भागात ५००. वर एजंटची फी. एवढं देऊन महिन्याभराचं भाडं वाचत असेल तर आनंदाने द्या.

बोलणं झालं की त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, "आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे..." करून काय ठरलं ते चार ओळीत. समोरून "ओके" आलं तरी तो रेकॉर्ड झाला. अंगठा आला तरी ठीक, पण शब्दात उत्तर मिळवायचा प्रयत्न करा.

नोटीस कशी द्यायची

ईमेल करा, त्याचीच पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, आणि संबंध ताणलेले असतील किंवा मालक उत्तर देत नसेल तर अ‍ॅग्रीमेंटमधल्या पत्त्यावर पोस्टानेही पाठवा. पूर्वी आपण रजिस्टर एडी म्हणायचो, १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलंय, त्यामुळे काउंटरवर स्पीड पोस्ट, पोच मिळाल्याच्या पुराव्यासह, असं मागा. पावती जपून ठेवा. करारात मालक दोन असतील, नवरा-बायको किंवा भाऊ-भाऊ, तर दोघांच्या नावाने पाठवा.

मजकूर साधा असू दे, मराठी किंवा इंग्रजी कुठलाही:

"विषय: फ्लॅट क्र. __, __ सोसायटी, लीव्ह अँड लायसन्स करार दि. __ (दस्त क्र. __) रद्द करण्याची नोटीस.
सप्रेम नमस्कार. वरील कराराच्या कलम __ नुसार मी एक महिन्याची लेखी नोटीस देत आहे. मी दि. __ रोजी घर रिकामं करून चाव्या आपल्या ताब्यात देईन. त्या दिवसापर्यंतचं भाडं आणि विजेचं, गॅसचं बिल मी भरेन. दि. __ रोजी आपल्यात झालेल्या बोलण्यानुसार (लॉक-इनबाबत जे ठरलं ते). घर सोडण्याच्या दिवशी संयुक्त पाहणी करून डिपॉझिटची रक्कम रु. __ माझ्या बँक खात्यात जमा करावी ही विनंती. खात्याचा तपशील खाली देत आहे."

कारण थोडक्यात लिहा, एक वाक्य पुरे. घरगुती अडचणींची कहाणी नको आणि जुनी भांडणंही नकोत. तारीख मात्र पक्की लिहा, "ऑक्टोबरच्या मध्यात" वगैरे नाही. एकदा तारीख दिली की त्या दिवशी घर खरंच रिकामं व्हायला हवं, कारण नेहमीच्या मसुद्यात मुदत संपल्यावर किंवा करार रद्द झाल्यावर राहिलात तर रोजच्या भाड्याच्या दुप्पट भरपाई असं कलम असतं, आणि मुदत संपल्यानंतर राहिल्यास दुप्पट तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ मध्येच आहे.

नवा भाडेकरू तुम्हीच शोधा

सगळ्या गाइडमधली सर्वात जास्त पैसे वाचवणारी पायरी हीच, आणि लोक हीच ब्रोकरवर सोडून देतात.

पहिले मालकाला विचारा त्याला कोण चालेल. फॅमिली पाहिजे, बॅचलर चालतील, पाळीव कुत्रा चालेल का, सोसायटीचे काही नियम आहेत का. भाडं तेच ठेवणार का वाढवणार हेही विचारा, कारण मालकाने तुमच्या जागी ३,००० जास्त मागितले आणि त्यामुळे महिनाभर कोणी आलंच नाही तर त्या महिन्याचे पैसे तुमच्याकडून घेणं बरोबर नाही. हे तेव्हाच बोलून घ्या, आणि लिहूनही.

मग दिवसाउजेडी, घर आवरून फोटो काढा. ऑफिसचे ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, कॉलेजचे ग्रुप, फेसबुकवरचे फ्लॅट-फ्लॅटमेटचे ग्रुप आणि मालकाची परवानगी असेल तर प्रॉपर्टीच्या साइट्सवर टाका. वॉचमनकाकांना आणि खालच्या इस्त्रीवाल्याला सांगून ठेवा, हिंजवडी, वाकड, खराडीकडे अजूनही कितीतरी घरं अशीच तोंडी जातात. ब्रोकर लावायचा तर त्याची फी कोण देणार हे आधी ठरवा. पुण्यात नव्या भाडेकरूकडून साधारण एक महिन्याचं भाडं घेतात, मालकाकडूनही मागतात, आणि तो मालकाचा हिस्सा तुमच्या डिपॉझिटमधून जाणार असेल तर ते शेवटी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

वेळेचाही विचार करा. मे ते जुलै पुण्यात मागणी भरपूर असते, कॉलेजं सुरू होतात, शाळा बदलतात, नव्या जॉइनिंग असतात. पितृपक्षात बरेच लोक नव्या घरात जायचं टाळतात, त्या पंधरवड्यात फोन कमी येतील म्हणून घाबरू नका, घर दाखवून ठेवा, लोक घटस्थापनेनंतर किंवा दसऱ्याला यायला तयार होतात. तुमची निघायची तारीख थोडी पुढेमागे होऊ शकत असेल तर हे बघूनच ठरवा.

इच्छुक माणसाचं नाव, नोकरी, कधी येऊ शकतो हे मालकाला मेसेजवर पाठवा. दोन-तीन चांगले लोक दिले आणि मालकाने कारण न देता सगळ्यांना नाही म्हटलं, तर नुकसान कमी करायची संधी त्याने सोडली हे दाखवायला तुमच्याकडे तेच मेसेज असतात. मी हा मुद्दा परत परत सांगतो कारण पुढे वाद झालाच तर याच्याइतका उपयोगी पुरावा दुसरा नाही.

एक गोष्ट अजिबात करू नका. मालकाला न सांगता मित्राला घरात ठेवून निघून जाणं. अ‍ॅग्रीमेंटवर तुमचं नाव आहे, पोलीस व्हेरिफिकेशन तुमचं आहे, उद्या तिथे काही झालं तर जबाबदारी तुमची.

तीन-चार जण मिळून राहत असाल आणि एकालाच जायचं असेल

अ‍ॅग्रीमेंटमध्ये सगळ्यांची नावं असतील तर मालकाच्या दृष्टीने सगळे मिळून पूर्ण भाड्याला बांधलेले असतात. एकजण गेला म्हणून भाडं कमी होत नाही, म्हणून जाणाऱ्याने आधी रूममेट्सशी बोलावं. बहुतेक ठिकाणी नवा रूममेट जुन्याच्या डिपॉझिटचा हिस्सा थेट त्यालाच देतो आणि मालकाकडचं डिपॉझिट तसंच राहतं. सोयीचं आहे, पण मालकाला कळवून, नव्या माणसाची पोलिसांकडे माहिती देऊन आणि शक्य असेल तर अ‍ॅग्रीमेंट नव्याने करून. निदान एवढं तरी, चौघांच्या ग्रुपवर लिहून ठेवा की अमक्याचा २०,००० चा हिस्सा तमक्याने दिला आणि घराच्या नुकसानीची जबाबदारी इथून पुढे तमक्याची. अ‍ॅग्रीमेंटवर फक्त एकाचंच नाव असेल आणि नेमका तोच जात असेल तर मात्र नवीन अ‍ॅग्रीमेंट केल्याशिवाय बाकीच्यांनी राहू नये.

"शेवटचे दोन महिने भाडंच देत नाही, डिपॉझिटमधून कापा"

हा सल्ला तुम्हाला प्रत्येक मित्र देईल. माझं मत असं की मालकाच्या लेखी संमतीशिवाय हे करू नका. भाडं थकवलं की करार तुम्ही मोडलात असं होतं, मग लॉक-इन, गळती, नवा भाडेकरू हे तुमचे सगळे चांगले मुद्दे मागे पडतात आणि चर्चा फक्त थकलेल्या भाड्यावर होते. पण मालक स्वतःच हो म्हणाला तर यापेक्षा चांगलं काही नाही, नोटीसच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं केलं की त्याच्या हातात तुमची रक्कम कमी उरते. विचारायला काय जातं, विचारा, आणि मेसेजवर हो घ्या.

पुढच्या तारखांचे चेक दिलेले असतील तर ते परत मागा. परस्पर बँकेत स्टॉप पेमेंट करून टाकू नका, चेक न वटण्याचं प्रकरण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १३८ खाली फौजदारी होऊ शकतं. ऑटो-डेबिट लावलं असेल तर मात्र आठवणीने बंद करा. आणि भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर घर सोडतानाच्या शेवटच्या भाड्यातून टीडीएस, म्हणजे मालकाच्या नावाचा आयकर, कापून भरायची जबाबदारी तुमची, ऑक्टोबर २०२४ पासून तो २ टक्के आहे.

निघायच्या आधीचा आठवडा

सोसायटीच्या ऑफिसला कळवा, बऱ्याच ठिकाणी सामान न्यायला एनओसी किंवा गेटपास लागतो, लिफ्टची वेळ ठरलेली असते, रविवारी परवानगी नसते. एनओसीसाठी मालकाची मेल लागते, ती शेवटच्या दिवशी मागू नका. सोसायटीचं काही थकलंय म्हणून अडवलं तर बिल बघा कशाचं आहे ते. मेंटेनन्स मालकाचं असेल तर मालकाने भरायचं, आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) तर मालकावरच असतात, तेही १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही.

महावितरणचं बिल मागच्या महिन्याचं असतं, म्हणून निघायच्या दिवशी मीटरचा फोटो काढा, शेवटच्या बिलातलं रीडिंग वजा करा, अंदाजे रक्कम ठरवून तिथेच मिटवा. पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्यालाही तसंच. बिलं यायची आहेत म्हणून पूर्ण ७५,००० अडकवून ठेवायचं काही कारण नाही, हजार-दीड हजार राखून बाकीचे द्या असं म्हणा.

घर नीट साफ करा, खिळे काढून भोकं पुट्टीने बुजवा, गळका नळ, गेलेला बल्ब, तुटलेला हुक, हे तुम्हीच आधी दुरुस्त करून घेतलेलं स्वस्त पडतं. मालकाने केलं की त्याचं बिल तुमच्याकडे येतं आणि ते कधीच कमी नसतं. रंगाचं म्हणाल तर भिंत वापराने मळणं ही झीज आहे, लहान मुलाने स्केचपेनने रंगवलेली भिंत हे नुकसान आहे. करारात पेंटिंगची रक्कम ठरलेली असेल तर ती जाईल, नसेल तर "आमच्यात पद्धत आहे" एवढ्यावर एक महिन्याचं भाडं सोडू नका. निदान बिल मागा.

चावी देण्याचा दिवस

सगळं सामान गेल्यावर, रिकाम्या घरात, मालक किंवा त्याचा माणूस समोर असताना पाहणी करा. आधी स्वतः एक सलग व्हिडिओ काढा, प्रत्येक खोली, नळ चालू करून, फॅन-लाइट लावून, गीझर, खिडक्या, मालकाचं फर्निचर. राहायला आलात तेव्हाचे फोटो असतील तर उत्तम.

मग एक कागद, हाताने लिहिलेला पण चालतो, दोघांच्या सह्या: आज दि. __ रोजी घर रिकामं मिळालं, एवढ्या चाव्या मिळाल्या, मीटर रीडिंग एवढं, कपात एवढी आणि कशासाठी, डिपॉझिट एवढं परत दिलं, करार आजपासून परस्पर संमतीने रद्द, कोणाचं कोणाकडे काही येणं नाही. स्टॅम्प पेपरवर हवं असेल तर हल्ली ५०० चा घ्यावा लागतो. मालक परदेशात असेल तर हेच ईमेलवर, त्याच्याकडून "कन्फर्म" येईपर्यंत.

आणि आता या सगळ्याचं मूळ. चावी आणि डिपॉझिट एकाच वेळी हातोहात. मालकाने मोबाइलवरून ट्रान्सफर करायची, तुमच्या खात्यात जमा झालेलं दिसलं की चाव्यांचा जुडगा द्यायचा. "तुम्ही जा, मी उद्या करतो" यावर शांतपणे म्हणा, "काही हरकत नाही, उद्या मी नाहीतर माझा भाऊ येतो, तेव्हाच चावी घ्या." रकमेची मर्यादा आहे म्हणत असेल तर आज निम्मे, उद्या निम्मे, आणि चावी दुसऱ्या ट्रान्सफरनंतर. हे आधीच, नोटीसमध्ये आणि आठवडाभर आधीच्या मेसेजमध्ये सांगून ठेवलं की त्या दिवशी तोंड कडू होत नाही. करारात ३० दिवसांनी परत असं लिहिलं असेल तर हा आग्रह धरता येत नाही, तिथे निदान रक्कम आणि तारीख सहीने लिहून घ्या.

तरीही पैसे आलेच नाहीत तर

पंधरा दिवस थांबा, दर चार-पाच दिवसांनी सभ्य मेसेज. मग एक ईमेल: एवढी रक्कम बाकी, कपातीची बिलं द्या नाहीतर अमुक तारखेपर्यंत पैसे द्या. त्यावरही काही नाही तर वकिलाची नोटीस. बऱ्याच जणांचे पैसे या नोटीसनंतर येतात कारण समोरच्यालाही कोर्ट नको असतं.

पोलीस स्टेशनला गेलात तर बहुधा हा दिवाणी मामला आहे असं सांगतील आणि ते चुकीचं नाही. मात्र सामान अडकवून ठेवलं, धमकी दिली, तुम्ही राहत असताना कुलूप बदललं, तर तक्रार जरूर द्या.

कोर्टाआधी एक चांगला आणि कमी माहिती असलेला रस्ता म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जिल्हा न्यायालयाच्या आवारातच ऑफिस असतं. दावा दाखल व्हायच्या आधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवायचा अर्ज तिथे करता येतो, दोघांना बोलावून तडजोड घडवतात, झाली तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा मिळतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, हे एकट्या राहणाऱ्या मुलींनी विशेष लक्षात ठेवा.

शेवटचा मार्ग दावा. पैसे वसुलीची मुदत साधारण तीन वर्षं, डिपॉझिट परत द्यायचं होतं त्या दिवसापासून. तुमच्या प्रकरणात तो लघुवाद न्यायालयात टाकायचा की दिवाणी, हे कागद बघून वकील सांगेल. १५-२० हजारांसाठी मी कोणाला दावा टाका म्हणणार नाही, लाख-दीड लाख अडकले असतील तर नक्की विचार करा. आणि पैसे मिळालेले असोत की नसोत, अ‍ॅग्रीमेंट, भाड्याच्या ट्रान्सफरचे स्टेटमेंट, नोटीस, व्हिडिओ आणि ती सह्यांची पावती तीन वर्षं तरी एका फोल्डरमध्ये ठेवा, मेलवरही टाकून ठेवा, फोन बदलला की व्हॉट्सअ‍ॅपचं सगळंच जातं.